धरणाच्या पायथ्याचं पाणी

जुलै उजाडला आणि घाटमाथ्यावर दोन-तीन दिवस पावसाने उसंत घेतली नाही, की मला फोन यायला लागतात. पुण्याचा भाचा विचारतो, "मावशी, भंडारदरा शंभर वर्षांचं झालं म्हणे. काही होणार नाही ना गं?" सोबत मोबाइलवर फिरत आलेला लाल अक्षरांतला मेसेजही पाठवून देतो. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीचशी धरणांच्या देखभालीवर. त्यामुळे घरच्यांना वाटतं, हिला विचारलं की खरं काय ते कळेल.

फोनवर मी "घाबरू नकोस" एवढंच सांगते. पण ते उत्तर अपुरं आहे हे मला माहीत आहे. काळजी करण्यासारखं पुष्कळ आहे. ते भंडारदऱ्याच्या भिंतीत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

भंडारदऱ्याचंच आधी सांगते. प्रवरेवरच्या या दगडी धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. उंची ८२ मीटर, साठा ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट. १९६९ साली या भिंतीला तडे गेल्याचं आणि गळती वाढल्याचं लक्षात आलं. तेव्हा धरण अवघं ४३ वर्षांचं होतं. पुढे ही भिंत पोलादी तारांनी ताणून खालच्या खडकाशी जखडली, पाठीमागून टेकू दिले. त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षं अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरची शेती याच पाण्यावर पिकते आहे. कोयनेचं तसंच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ती १०३ मीटरची भिंत अगदी नवी होती. मागच्या बाजूचा उतार जिथे बदलतो, त्या पट्ट्यात तिला आडवे तडे गेले. ते बुजवले, सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायची जागा, सोडून उरलेल्या भिंतीला पाठीमागून काँक्रीटचा जाड आधार दिला. कितीतरी वर्षांनी सांडव्याचा भागही मजबूत केला. ही दोन्ही धरणं उभी आहेत, कारण दुखणं वेळेवर कुणाच्या तरी डोळ्यांना दिसलं आणि त्यावर पैसे खर्च झाले.

आता तिवरे. चिपळूण तालुक्यातलं मातीचं छोटं धरण, वय वीस वर्षांच्या आसपास. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं आणि खालची भेंडवाडी वाहून गेली. वीसहून जास्त माणसं गेली. धरण गळतंय अशी तक्रार गावकरी आधीपासून करत होते. पुढे खेकड्यांनी धरण पोखरलं असं सांगण्यात आलं आणि महाराष्ट्रभर त्यावर चर्चा झाली. खेकडे, घुशी, साळिंदरं मातीच्या धरणात बिळं करतात, ही गोष्ट खरी आहे. पण बीळ एका रात्रीत होत नाही. उतारावरून दर आठवड्याला माणूस चालत गेला तर बीळ दिसतं, त्याच्या तोंडाशी साचलेली ताजी माती दिसते. तिथे कोणी चालत होतं का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला आणि अजूनही पडतो. मुळशी तालुक्यातलं टेमघरही जुनं नाही. तरीही त्याच्या भिंतीतून एवढं पाणी गळत होतं की २०१७ पासून तिथे भेगांत सिमेंटचं पातळ मिश्रण (ग्राऊट) भरून मोठी दुरुस्ती हाती घ्यावी लागली.

म्हणून कोणी धरणाचं वय सांगायला लागलं की मी विचारते, पायथ्याला रोज कोण जातं?

मातीच्या धरणातून पाणी पाझरतंच. अजिबात न पाझरणारं मातीचं धरण मी पाहिलेलं नाही. मधोमध दाबून बसवलेल्या काळ्या मातीचा गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरमाचं आवरण असतं. गाभ्याच्या मागे वाळूची गाळणी आणि पायथ्याला दगडांची नाली असते. गाभ्यातून जे थोडं पाणी निसटतं ते गाळणीतून नालीत यावं आणि नालीतून बाहेर पडावं, अशी ही सगळी योजना असते. नाली जिथे संपते तिथे एक छोटा हौद असतो. त्याच्या तोंडावर लोखंडी पत्रा बसवलेला असतो आणि पत्र्याला काटकोनी खाच असते. आम्ही तिला व्ही-नॉच म्हणतो. खाचेतून पाणी किती उंचीने वाहतं ते पट्टीवर वाचायचं. दहा सेंटीमीटर असेल तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर. वीस सेंटीमीटर झालं तर कोणालाही वाटेल, नऊ लिटर. तसं होत नाही, ते पंचवीस लिटरच्या आसपास जातं. खाच वरवर रुंद होत जाते, त्यामुळे उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं. वहीत "१० होतं, १३ झालं" एवढं वाचणाऱ्याला तो फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात गळती जवळजवळ दुप्पट झालेली असते.

नगर जिल्ह्यातल्या एका मध्यम प्रकल्पावर मी शाखा अभियंता होते. तिथे एक चौकीदार होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांचं शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. पावसाळ्यात ते रोज सकाळी पायथ्याला जाऊन खाचेची उंची वहीत मांडायचे, आणि हौदातलं पाणी काचेच्या बाटलीत भरून चौकीच्या खिडकीत ठेवायचे. शेजारी कालची आणि परवाची बाटली. बाटल्या ठेवायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पाटबंधाऱ्यातल्याच एका जुन्या साहेबांचं बघून ते शिकले होते.

बाटली का, ते सांगते. गळती किती यापेक्षा गळतीचं पाणी कसं, हे जास्त महत्त्वाचं. नितळ पाणी भरपूर येत असेल तर विचार करायला सवड असते. पाणी थोडंच असलं पण गढूळ असलं, तर सवड नसते. गढूळ याचा अर्थ पाण्याबरोबर माती येते आहे, आणि ती माती धरणाच्या आतली आहे. पायथ्याकडून सुरू झालेली पोकळी उलटी, जलाशयाच्या दिशेने वाढत जाते. ती पलीकडे पोचली की उरतात ते काही तास.

एका ऑगस्टमध्ये मामांनी सकाळीच चौकीवरून फोन केला. "मॅडम, आज पाणी जरा लालसर हाय. पावसाचं न्हाई वाटत, वरचं पाणी मी चर काढून बाजूला लावलंय." एवढं ऐकल्यावर मी उपविभागीय अभियंत्यांना कळवून निघाले. हौदापासून मागे मागे गेलो तर विमोचकाच्या, म्हणजे भरावाखालून पाणी बाहेर सोडणाऱ्या नळाच्या, डाव्या अंगाला, पायथ्याच्या थोडं वर, उतारावर घमेल्याएवढी ओली जागा सापडली. मधोमध पाणी बुडबुडत होतं आणि कडेने बारीक मातीचं कडं तयार झालं होतं.

अशा जागेवर चिकणमाती दाबून ती बुजवायची नसते. बघणारे लोक हमखास तेच सुचवतात. पाणी कोंडलं तर ते दुसरीकडून फुटतं, बहुतेक जास्त वाईट जागी. पाणी येऊ द्यायचं आणि माती अडवायची. त्यासाठी आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी आणि वर दगड असे थर द्यायचे. आम्ही त्याला उलटी गाळणी म्हणतो. दिवसभर ट्रॅक्टरने वाळू-खडी आणून आम्ही थर दिले. कालव्यातून आणि सांडव्यावरून पाणी सोडून जलाशयाची पातळी खाली आणली. दोन दिवसांनी खिडकीतली बाटली पुन्हा नितळ झाली. उन्हाळ्यात ती बाजू उकरून नीट दुरुस्त केली. या घटनेची बातमी कुठे आली नाही, यायचं कारणही नव्हतं.

मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस मिळावा म्हणून मी लिहीत राहिले, तो मिळाला नाही. पुढे एका कंत्राटी मुलाकडे आसपासची आणखी धरणंही दिली गेली. मुलगा चांगला होता, पण एकाच सकाळी तो इतक्या पायथ्यांना कसा जाणार? वहीत आकडे भरले जात होते, एकसारखे.

वय झाल्याने धरणाचं काहीच बिघडत नाही, असं मात्र मला म्हणायचं नाही. जुन्या दगडी धरणांचा जीव चुन्यात असतो. वर्षानुवर्षं पाझरणाऱ्या पाण्याबरोबर चुना विरघळून बाहेर येतो. भिंतीच्या मागच्या अंगाला पांढरे ओघळ दिसतात ते त्याचेच. दरवाजे तर भिंतीच्या कितीतरी आधी थकतात. तुंगभद्रेचं धरण १९५३ चं. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याच्या १९ व्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. भिंत शाबूत होती, तरी भरलेल्या धरणातलं पाणी नदीत सोडून द्यावं लागलं. वाहत्या पाण्यात तात्पुरता दरवाजा बसवायला आठवडा गेला. साखळी, दोर, रबरी सील, ग्रीस, डिझेल जनरेटर चालू होतो की नाही, या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात. मे महिन्यात दरवाजे एकदा खालीवर करून बघणं हे माझ्या मते धरणावरचं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त टाळलं जाणारं काम आहे.

आणि सांडवा. धरणाचा सांडवा किती रुंद ठेवायचा ते आराखडा होतो तेव्हाच्या पावसाच्या नोंदींवरून ठरतं. पूर्वी नोंदी थोड्या होत्या. गुजरातेत मोरबीच्या वरचं मच्छू-२ धरण बांधून झाल्याला दहा वर्षंही झाली नव्हती. ११ ऑगस्ट १९७९ ला सांडव्याच्या ताकदीबाहेरचा पूर आला, पाणी मातीच्या भरावावरून उलटलं आणि भराव गेला. मातीचं धरण वरून उलटणारं पाणी सोसत नाही. पुन्हा बांधताना सांडवा कितीतरी मोठा केला. आपल्याकडच्या जुन्या धरणांचे सांडवे आजच्या पावसाला पुरतात का, हे नव्याने तपासणं कंटाळा करून चालणार नाही असं काम आहे.

माझ्या सासूबाई नारायण पेठेतल्या. १२ जुलै १९६१ ला त्या वाड्यात होत्या. पानशेतचं काम तेव्हा पुरं झालेलं नव्हतं. विमोचकाचं काम अपुरं असताना पावसाळ्यात पाणी साठलं. नळावरचा भराव खचायला लागला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण सकाळी धरण गेलं. खाली खडकवासल्याची १८७९ ची दगडी भिंत होती. पानशेतचं सगळं पाणी अंगावर घेऊन ८२ वर्षांची ती भिंत काही तास टिकली आणि दुपारी फुटली. या काही तासांत कितीजण वाड्यांतून बाहेर पडले असतील! सासूबाई म्हणायच्या, आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीच्या बाजूला पळालो. परत आलो तर धान्याच्या कोठीत गाळ होता. आमच्या घरी त्या दिवसाविषयी एरवी कोणी बोलत नसे. मी पाटबंधाऱ्यात नोकरी धरली तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, "तुमच्यात धरणावर रात्री कोणी असतं का?"

देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांच्या वर. आता त्यांच्यासाठी कायदा आहे. धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, धरण फुटलं तर खालच्या गावांनी काय करायचं याचा आपत्कालीन आराखडा आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष तपासणी, हे सगळं त्यात आलं. पहिल्या सर्वंकष तपासणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली, म्हणजे २०२६ ची अखेर. कायदा चांगला आहे. नाशिकला आपली धरण सुरक्षितता संघटना १९८० पासून आहे, तिथल्या लोकांचं काम मी जवळून पाहिलं आहे, मन लावून करतात. पण हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांचा. १० ते १५ मीटरमधली काही धरणं अटींसह त्यात येतात. त्याहून लहान असतील ती बाहेरच राहतात.

भाच्याला फोनवर सांगता येत नाही ते हे. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव पाझर तलाव झाले. आमच्या गावच्या तलावावर माझी आजी पाट्या टाकायला होती. दुपारी सुकडी मिळायची. त्या कामांचा पहिला हेतू हातांना काम देणं हा होता आणि तो योग्यच होता, त्यावर माणसं जगली. भराव मात्र डोक्यावरून आणलेल्या मातीचा, धुम्मस मारून बसवलेला. ते तलाव आता पन्नाशी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या खाली वस्त्या वाढल्या, काही ठिकाणी सांडव्याच्या ओढ्यात घरं झाली. त्यांच्यावर चौकीदार कधीच नव्हता. अनेक ठिकाणी तलाव कोणाच्या ताब्यात आहे हेही सांगता येत नाही. विचारायला जावं तर एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

निवृत्तीनंतर गावी राहायला आले आणि आमच्या तलावाच्या बांधावरून चालत गेले. बांधावर वेड्या बाभळी आणि मनगटाहून जाड कडुलिंब. मुळं भरावात खोल जातात. झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. म्हणून रोपटं असतानाच उपटायचं असतं. मोठं झाल्यावर नुसतं तोडून भागत नाही, खोड-मुळं काढून ती जागा माती दाबून भरावी लागते. पाण्याच्या बाजूचं दगडी अस्तर (पिचिंग) बऱ्याच ठिकाणी उचकटलेलं, काही दगड कोणाच्या तरी गोठ्याला लागलेले. आणि सांडव्यात आडवे दगड आणि सिमेंटच्या पोत्यांत भरलेली माती, दोन फूट उंच. पाणी जास्त साठावं म्हणून.

हे मी ग्रामसभेत मांडलं. सांडव्यात दोन फूट अडवणं म्हणजे पूर आला तर बांधावरून पाणी उलटायला दोन फूट जवळ आणणं, हे फळ्यावर काढून दाखवलं. एक शेतकरी उठून म्हणाला, "ताई, ते दोन फूट पाणी म्हणजे आमचा उन्हाळी कांदा आहे." त्याचं खोटं नव्हतं. खालच्या विहिरी त्या दोन फुटांवर मार्चपर्यंत तगतात. हे न ऐकता त्याला कायदा सांगणं मला जमलं नसतं, आणि त्याचा उपयोगही झाला नसता.

म्हणून आम्ही पाणी दुसरीकडून मिळवायचं ठरवलं. पन्नास वर्षांचा गाळ तलावात आहे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून तो काढायचा, सांडवा उंच करण्याऐवजी तळ खाली न्यायचा. गाळ शेतकऱ्यांना पाहिजेच आहे. मी एकच अट घातली, बांधाच्या पायथ्यालगत पोकलेन लावायचं नाही. तिथला गाळ पाण्याला अडवून धरतो, तो खरवडला तर गळती वाढते. किती अंतर सोडायचं ते चुन्याने आखून दिलं आहे. सांडव्यातली पोती पोरांनी एका रविवारी काढली. दगड मोठे आहेत, ते मशीन आल्यावर निघतील. कांद्यावाल्याच्या विहिरीची पातळी आणि तलावाची पातळी दोन्ही मांडून ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी भांडायला आकडे असतील, असं आमचं दोघांचं ठरलं आहे. वही त्याच्याकडेच दिली.

तुमच्या गावाच्या वरही असा एखादा तलाव असेल. मे महिन्यात पाणी उतरलेलं असताना बांधावरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा, आणि सप्टेंबरमध्ये तो भरलेला असताना पायथ्याने जा. सांडवा मोकळा आहे का, पायथ्याला ओलं आहे का, ओलं असेल तर तिथलं पाणी बाटलीत भरून दोन तास ठेवून बघा. तळाशी माती बसली तर त्याच दिवशी तलाठी आणि तहसील कार्यालयाला फोटोसकट लेखी कळवा. पोच घ्या, खालच्या वस्तीला सांगा. पाऊस सुरू असेल तर रात्री तिथे कोणाला झोपू देऊ नका.